वर्गीय असमतोल आणि चित्रकलेचा तास

२३ जून १९६१ रोजी साताऱ्याला देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. त्या वेळी कृष्ण मेनन केंद्रात संरक्षणमंत्री होते आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. सैन्यदलांच्या अधिकारीवर्गातील प्रादेशिक आणि वर्गीय असमतोल दूर करणे, असा या शाळांचा हेतू अधिकृत उद्दिष्टांत नोंदलेला आहे. ‘वर्गीय असमतोल’ हा शब्दप्रयोग कोणा डाव्या पक्षाच्या जाहीरनाम्यातला नाही. तो भारत सरकारचा आहे, म्हणूनच त्याचा जाब सरकारला विचारता येतो. १९२२ साली इंग्रजांनी डेहराडूनला सैनिकी विद्यालय काढले ते संस्थानिकांच्या आणि घरंदाज कुटुंबांच्या मुलांना अधिकारीपदासाठी घडविण्याकरिता. स्वतंत्र भारताने हा दरवाजा शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या मुलाला उघडून देण्याचे वचन दिले. १९९५-९६ नंतर महाराष्ट्र शासनाने प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा ही योजना आखली, तेव्हाही याच वचनाचा पुनरुच्चार झाला. २०२१ साली केंद्राने खाजगी संस्थांच्या व राज्यांच्या भागीदारीतून शंभर नव्या सैनिक शाळा काढण्याचे ठरविले आणि ते वचन आता खाजगी संस्थाचालकांच्या हाती सोपविले.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात या वचनाला मोठे गिऱ्हाईक आहे. कायम नोकरीचा काळ ज्याने पाहिला तो जुना कामगार आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षे हंगामी राहिलेला नवा कामगार, दोघांनाही मुलाच्या अंगावर गणवेश पाहावासा वाटतो. पगार, निवृत्तिवेतन, प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची जागा आता फारशी कोठे उरलेली नाही. ही आकांक्षा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण या आकांक्षेच्या मोबदल्यात मुलाला काय दिले जाते आणि त्याच्याकडून काय काढून घेतले जाते, हा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे. सैनिकी शाळेतल्या मुलाला पाढे, परेड आणि पोहणे मिळते. चित्र आणि सूर मात्र त्याच्या वाट्याला अपघातानेच येतात. हा केवळ अभ्यासक्रमातील किरकोळ दोष नसून वर्गीय असमतोल दूर करण्याच्या नावाखाली तोच असमतोल दुसऱ्या दाराने टिकवून ठेवणारी व्यवस्था आहे.

परीक्षेने आखलेले वेळापत्रक

सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेचे स्वरूप पाहावे. एकूण ३०० गुणांपैकी १५० गुण एकट्या गणिताला आहेत. उरलेले १५० भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञान यांत वाटलेले. दुसऱ्या टोकाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा ९०० गुणांची : गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. दहा-अकरा वर्षांचा मुलगा एका परीक्षेतून आत येतो आणि सतरा-अठराव्या वर्षी दुसऱ्या परीक्षेतून बाहेर पडतो. दोन्ही उंबरठ्यांवर चित्रकलेला आणि संगीताला शून्य गुण आहेत. ज्याला गुण नाहीत त्याला तास नाही, ज्याला तास नाही त्याला शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून मुलांना गोडी नाही, असे हे दुष्टचक्र आहे. या चक्राच्या शेवटी मुख्याध्यापक सांगतात, की मुलांना आवडच नाही त्याला आम्ही काय करणार!

कायदा याच्या आड येतो काय? उलट कायद्यानेच ही दुय्यमता पक्की करून टाकली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळांसाठी शिक्षकांचे प्रमाण दिलेले आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना ‘अंशकालीन निदेशक’, तेही शाळेत शंभरांहून अधिक मुले असतील तरच. कारखान्याच्या दारात ज्याला कंत्राटी कामगार म्हणतात त्यालाच शाळेच्या दारात अंशकालीन निदेशक हे भारदस्त नाव मिळाले आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत अनिवार्य असावे असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासविषय आणि अभ्यासेतर विषय ही भिंत पाडण्याची घोषणा केली. पाडलेल्या भिंतीपलीकडे उभा राहायला शिक्षकच नेमलेला नसेल तर त्या घोषणेचा उपयोग कोणाला?

राज्य मंडळाच्या शाळांत कलेची एक पायवाट अजून शिल्लक आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील कित्येक पिढ्यांच्या हाती पेन्सिल दिली. पण आता इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात आणि पालकांचे लक्ष तेवढ्या गुणांवर खिळलेले असते. कलेला मान्यता मिळाली ती टक्केवारीची शेपटी म्हणून.

चित्र वाचण्याची परीक्षा

या सगळ्यात एक विसंगती अशी आहे की ती सैनिकी शिक्षणाचे ठेकेदार सहसा बोलून दाखवत नाहीत. प्रबोधिनीच्या प्रवेशात लेखी परीक्षेइतकेच, म्हणजे ९०० गुण सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीला आहेत. त्या चाचण्यांतली एक अशी : उमेदवाराला एकामागून एक चित्रे दाखवतात. प्रत्येक चित्र अर्धा मिनिट पाहावयाचे आणि चार मिनिटांत त्यावरून कथा लिहावयाची. अशी एकूण बारा. त्यातील शेवटची चौकट कोरी असते आणि तीत उमेदवाराने स्वतःचे चित्र कल्पावयाचे असते. म्हणजे ज्या मुलाला सात वर्षे चित्राकडे पाहावयास शिकविले नाही, त्याच्या कल्पनाशक्तीची परीक्षा अखेरीस चित्रावरूनच घेतली जाते! या प्रश्नावर बाजाराने उत्तर शोधले आहे. शिकवणीवर्गांत तयार कथांचे साचे पाठ करून घेतले जातात. कोऱ्या चौकटीसाठीसुद्धा साचा असतो. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याला लहानपणी कोणी संग्रहालयात नेले, ज्याच्या कानांवर मैफलीचे सूर पडले, तो उमेदवार साच्यावाचून बोलतो. मोशीच्या चाळीतला मुलगा साचा घोकतो. दोघांतला फरक निवड मंडळाच्या मानसतज्ज्ञाला क्षणात कळतो. यालाच वर्गीय असमतोल म्हणतात, आणि तो गणिताच्या जादा तासांनी भरून निघत नाही.

सैन्याला चित्रकलेचे काय काम, असे विचारणाऱ्यांनी सैन्याचा इतिहासही वाचलेला नसतो. वुलविच येथील रॉयल मिलिटरी अकॅडमीत १७६८ पासून पॉल सँडबी हा नामवंत निसर्गचित्रकार रेखनाचा मुख्य शिक्षक होता. छायाचित्र निघण्यापूर्वी डोंगर, नदी, तटबंदी डोळ्यांनी टिपून कागदावर उतरविणे हा तोफखान्याच्या आणि अभियंता दलाच्या अधिकाऱ्यांचा कामाचा भाग होता. महाराष्ट्राला याची जवळची साक्ष अजिंठ्याची आहे. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमण्यात आले आणि पुढे अनेक वर्षे त्याने त्या लेण्यांत घालविली. त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. हे सारे साम्राज्याच्या सोयीसाठी चाललेले होते, याविषयी शंका नको. पण साम्राज्याला स्वतःच्या अधिकाऱ्याच्या हाती कुंचला हवा होता आणि स्वराज्याला स्वतःच्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती तो अनावश्यक वाटतो, हे कशाचे लक्षण मानायचे?

बँड आहे ना!

यावर ठरलेले उत्तर येते : आमच्या शाळेत बँड आहे. ढोल, बिगुल, बॅगपाइप आणि स्वातंत्र्यदिनाचे संचलन. बँड वाईट नाही. पंचमढीला १९५० पासून चालत आलेल्या लष्करी संगीत विभागात वादकांना स्वरलेखन शिकवितात आणि बँडमास्तर होण्यासाठी दीर्घ अभ्यास करावा लागतो. सैन्य संगीताला गंभीरपणे घेते. गुरखा पलटणीच्या बँडमध्ये वाढलेल्या रामसिंग ठाकुरी यांनीच आझाद हिंद सेनेच्या ‘कदम कदम बढाये जा’ या गीताला चाल दिली. ज्याला सूर कळला त्याने सत्तेचे वाद्य स्वातंत्र्याच्या कामी लावले.

शाळेच्या बँडमध्ये मात्र बहुधा असे घडत नाही. वीस-पंचवीस मुले निवडली जातात, चार-सहा धून पाठ करून घेतल्या जातात, आणि उरलेली शेकडो मुले त्या तालावर पाय आपटतात. स्वर म्हणजे काय, राग कसा उलगडतो, ताल मोजायचा कसा, दुसऱ्याचे गाणे शांतपणे ऐकायचे कसे, यांपैकी काही कोणाला कळत नाही. हुकमावर वाजविणे आणि संगीत शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या फरकाला राजकीय अर्थ आहे. महाराष्ट्रातील सैनिकी शिक्षणाचा एक प्रवाह साताऱ्याच्या बराच आधी सुरू झाला. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३१ साली इटलीत मुसोलिनीची भेट घेतली, मुलांना गणवेश घालून घडविणारी बालिला ही फॅसिस्ट संघटना पाहिली, तिची वाखाणणी केली आणि १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल स्थापन केले. बालिलातल्या मुलांनाही गाणी शिकवीत असत. कूचगीते होती, झेंडे होते, बँड होता. म्हणून शाळेत गाणे आहे की नाही एवढे विचारून भागत नाही. त्या गाण्यात मुलाला स्वतःचा सूर लावायची मुभा आहे काय, हे विचारावे लागते. चित्रकलेच्या तासाला चाळीस मुलांनी एकच झाड चाळीस प्रकारांनी काढले तर ते कौतुकाचे असते. कवायतीच्या मैदानावर चाळीस मुलांचा एकच पाय वेगळा पडला तर तो गुन्हा ठरतो. लोकशाहीतील सैनिकाला मैदानावरची एकवाक्यता हवी, पण त्याचे मन केवळ मैदानावर घडले तर तो राज्यघटनेचा सैनिक न होता हुकूम देणाऱ्याचा शिपाई होतो. मैदानाला तोल देणारा तास शाळेच्या वेळापत्रकात असलाच पाहिजे.

शिस्त आणि सूर यांचे वैर नाही

कला शिकल्याने मुलगा हळवा, बायकी होतो, ही समजूत उघडपणे कोणी लिहीत नाही. पण वसतिगृहांत, पालकसभांत ती खुशाल बोलली जाते. तिच्यात स्त्रियांविषयीचा तुच्छभाव आहे हे तर झालेच. सैनिक शाळांत २०२१-२२ पासून मुलींना प्रवेश मिळाला आणि मे २०२५ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा ‘बायकी’ या शब्दाचा दम किती उरला आहे हे दिसलेच आहे. पण ही समजूत या मातीशीही बेइमानी करणारी आहे. देहूरोडला सैन्याचे दारूगोळा कोठार आहे आणि तेथून थोड्याच अंतरावर तुकोबांचे देहू. दापोडीला सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि पलीकडे आळंदीला विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था. तेथे शेतकऱ्यांची मुले पखवाज आणि गायन शिकतात. दिंडीत तासन्‌तास पखवाज वाजवीत चालणाऱ्या पोराच्या मनगटात किती बळ असते, ते सांगायला सैन्यातला वैद्य नको. चाकणच्या किल्ल्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शायिस्ताखानाला सुमारे दोन महिने थोपवून धरले. त्या काळच्या पराक्रमाची आठवण लोकांच्या ओठी राहिली ती शाहिरांच्या डफामुळे. तलवार आणि डफ यांचे या प्रदेशात कधी भांडण नव्हते.

साताऱ्याच्याच परिसरात औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, शाळाशाळांतून व्यायाम पोहोचविला, आणि तेच गृहस्थ स्वतः चित्रकार होते. औंधचे कलासंग्रहालय त्यांनी उभारले. राजाला दोन्ही परवडत होते, असे कोणी म्हणेल. मग राजाचा दाखला बाजूला ठेवू. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने गोरगरिबांच्या मुलांना मैदानावर कवायत शिकविली, लेझीम शिकविले आणि त्याच मुलांतून कलापथक उभे केले. वसंत बापट, लीलाधर हेगडे त्यात रमले. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे निळू फुले याच कलापथकातून पुढे आले. ज्या आवारात राष्ट्राने त्यांच्या हाती झारी दिली, त्याच्या बाहेर एका साध्या संघटनेने त्यांना रंगमंच दिला. एवढा मोठा नट त्या माळ्यात दडलेला आहे हे कोणत्याही प्रवेशपरीक्षेने शोधून काढले नव्हते. अशी किती माणसे आज चाकणच्या कंत्राटी पाळ्यांत आणि सैनिकी शाळांच्या जादा तासांत गडप होत असतील?

हिशेबाची बाजू

अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची खरी किंमत तिच्यापायी सोडाव्या लागलेल्या दुसऱ्या गोष्टीवरून मोजतात. सैनिकी शाळेतील सात वर्षांची किंमत अशी मोजली पाहिजे. प्रबोधिनीच्या प्रत्येक परीक्षेला लाखो उमेदवार असतात आणि जागा सुमारे चारशे. याचा साधा अर्थ असा, की सैनिकी शाळांतील बहुसंख्य मुले अधिकारी होणार नाहीत. काही शिपाई म्हणून भरती होतील. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनी त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात राहतील आणि बाकीचे ऐन पंचविशीच्या आतबाहेर घरी परततील. उरलेले पुन्हा याच पट्ट्यातील कारखान्यांच्या फाटकांशी उभे राहतील. शाळा ज्या थोड्यांसाठी चालविली जाते त्यांच्या यशाचा फलक दर्शनी भिंतीवर लागतो. ज्या पुष्कळांसाठी ती प्रत्यक्षात चालते त्यांच्यासाठी तिच्याजवळ शिदोरी कोणती?

रेखन ही कारखान्याचीही भाषा आहे. साचे घडविणारा, आराखडा वाचणारा, यंत्राचा भाग मनात फिरवून पाहू शकणारा कामगार कुशल ठरतो आणि सौदा करण्याचे त्याचे बळ वाढते. म्हणून चित्रकलेचा तास पोटाच्याही उपयोगाचा आहे. पण केवळ या उपयोगावर कलेचे समर्थन उभारणे म्हणजे कामगाराच्या मुलाला पुन्हा यंत्राचा भागच समजणे होय. आठ तासांच्या श्रमानंतरचे जे आयुष्य असते, त्याचाही तो धनी आहे. आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी रक्त सांडले ते उरलेल्या वेळात नुसते झोपण्यासाठी नाही. १९५३ च्या कायद्याने मुंबई राज्यात कामगार कल्याण निधी उभा राहिला आणि पुढे कामगारांच्या नाट्यस्पर्धांनी गिरणगावापासून पिंपरीपर्यंत रंगमंच गाजविले, तेव्हा फुरसत हा श्रमिकाचा हक्क आहे हे राज्याने मान्यच केले होते.

पैसा नाही, ही सबब तर हास्यास्पद आहे. जून २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक स्वरूपाचे सैनिकी प्रशिक्षण देण्याचा आणि त्यासाठी माजी सैनिकांचे साहाय्य घेण्याचा मनोदय जाहीर केला. सहा वर्षांच्या मुलाला ‘सावधान’ शिकविण्यासाठी माणसे मिळू शकतात. त्याला रंग आणि सूर शिकविण्यासाठी मात्र पूर्णवेळ पद मिळत नाही. पिंपरी-चिंचवडच्या महापालिकेचीच गोष्ट घ्या. देशातील श्रीमंत महापालिकांत तिची गणना होते. संगीत-महोत्सव आणि नाट्यगृहे तिने उभी केली, हे चांगलेच झाले. परंतु महोत्सवात मोठ्या कलावंताच्या बिदागीवर खर्च होतो तेव्हा ऐकणारा श्रोता घडविण्याची जबाबदारी कोणाची? श्रोता शाळेत घडतो. सभागृह बांधून शाळेतील गायनशिक्षक टाळणे म्हणजे विहिरीला संगमरवरी काठ बांधून आत पाणी नसण्यासारखे आहे.

मागणी कशाची करायची

सैनिकी शाळा बंद करा, अशी मागणी येथे नाही. श्रमिकांच्या मुलांना सैन्यात अधिकारी होण्याचा हक्क आहे आणि तो बजावला गेलाच पाहिजे. मागणी आहे ती १९६१ चे वचन पुरे करण्याची. शासनाचे अनुदान किंवा जमीन घेणाऱ्या प्रत्येक सैनिकी शाळेत चित्रकलेला एक आणि संगीताला एक असे पूर्णवेळ, कायम वेतनश्रेणीतील शिक्षक असले पाहिजेत. सहावी ते नववीपर्यंत दोन्ही विषयांचे आठवड्याचे तास ठरलेले असावेत आणि स्पर्धापरीक्षेच्या जादा वर्गांसाठी ते हिरावले जाऊ नयेत. शाळा रेखाकला परीक्षांचे आणि गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांचे केंद्र व्हावी. आळंदी-देहूचे पखवाजवादक, या पट्ट्यातले शाहीर, कारखान्यातून निवृत्त झालेले कलावंत यांना योग्य वेतनावर शाळेत बोलवावे. मानधनाच्या पाकिटावर त्यांची बोळवण करू नये. आणि २०२१ नंतर भागीदारीतून निघणाऱ्या शाळांना मान्यता देताना मैदान, वसतिगृह यांच्याप्रमाणे चित्रशाळा आणि संगीतकक्ष यांची अट घालावी.

हे आपोआप होणार नाही. कार्यकर्त्यांना पालकसभेत जाता येते. तेथे त्यांनी चार साधे प्रश्न विचारावेत. चित्रकलेचा शिक्षक कायम आहे की तासिकेवर? गेल्या महिन्यात त्याचे किती तास झाले आणि किती तास गणिताने घेतले? बँडमध्ये नसलेल्या मुलांना संगीत कोण शिकवितो? मुलांनी काढलेली चित्रे शाळेच्या कोणत्या भिंतीवर लावलेली आहेत? मुख्याध्यापकांना या प्रश्नांची उत्तरे देता आली तर त्यांचे अभिनंदन करावे. देता आली नाहीत तर पुढच्या महिन्यात तेच प्रश्न घेऊन पुन्हा जावे, आणि या वेळी बरोबर आणखी दहा पालक न्यावेत.